डीएससीतलं शिखर म्हणजे स्फटिक नव्हेत

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांत, मेटलर्जीच्या पोरांत एक मेसेज फिरतोय : 'अमॉर्फस रिबनच्या डीएससी आलेखात शिखर दिसलं की माल स्फटिकी. शिखर मोठं तेवढे स्फटिक जास्त. शिखर नाही, तर माल पूर्ण अमॉर्फस. प्लॅस्टिकला लावतो तेच गणित.' (डीएससी म्हणजे नमुना ठरावीक वेगाने तापवत तो किती उष्णता घेतो किंवा सोडतो ते मोजणारी चाचणी. अमॉर्फस म्हणजे ज्यात अणू स्फटिकासारखे रांगेत बसलेले नाहीत असा माल, आणि रिबन म्हणजे त्याची पातळ पट्टी.) मेसेजमधलं हे सगळं उलटं आहे. यावर विसंबलात तर ट्रान्सफॉर्मरच्या कोअरची चांगली रिबन नाकाराल आणि बिघडलेली पास कराल.

पहिलं, शिखराचं. लोह-सिलिकॉन-बोरॉनचा रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांनी थंड होतो, म्हणून अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. डीएससीत रिबन तापवली की ५०० अंशांच्या आसपास ते राहिलेलं काम पुरं होतं आणि उष्णता बाहेर पडते. शिखर त्या उष्णतेचं. म्हणजे ते मोजतं ते अजून स्फटिक न झालेला भाग. पूर्ण स्फटिकी तुकड्यात तिथे सपाट रेष येते.

म्हणून हिशोब वजाबाकीचा. समजा, ताज्या, पूर्ण अमॉर्फस रिबनने ग्रॅममागे १२० जूल सोडले आणि तापवून घेतलेल्या तुकड्याने ९०, तर साधारण चतुर्थांश भाग आधीच स्फटिक झालेला. 'साधारण' मुद्दाम म्हणतोय. अशा अनेक मिश्रधातूंत आधी अल्फा लोह (लोहाचे स्फटिक) सुटतं, मग बोराइड (लोह-बोरॉनचं संयुग). दोन शिखरं एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही टप्प्यांची उष्णता सारखी नसते.

प्लॅस्टिकच्या गणिताबद्दल थोडक्यात. तिथे वितळण्याची उष्णता मोजतात. आपली रिबन वितळायच्या कितीतरी आधीच पूर्ण स्फटिकी होते, त्यामुळे वितळण्याचं शिखर चांगल्या-वाईट दोन्ही तुकड्यांत जवळपास सारखंच दिसतं.

घोळ होतो तो खरं तर मोजणीत. दोन्ही तुकडे एकाच वेगाने तापवा. वेग वाढला की शिखर वरच्या तापमानाला सरकतं (संशोधक किसिंजरची १९५७ ची पद्धत याच सरकण्यावर उभी आहे). आर्गॉन चालू ठेवा, नाहीतर गंजण्याची उष्णताही त्यात धरली जाईल. आणि तोच तुकडा थंड करून पुन्हा तापवा. या दुसऱ्या फेरीत स्फटिक व्हायला काही उरलेलं नसतं. ती रेष पहिल्या फेरीतून वजा केली की शिखराखालचं खरं क्षेत्रफळ हाती लागतं.