टोनचा नॉब शोभेला नाही

गणपती जवळ आले की रत्नागिरी-चिपळूणकडच्या ऑर्केस्ट्रावाल्या आणि बेंजोवाल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदाही फिरला. त्यात इलेक्ट्रिक गिटारबद्दल चार गोष्टी ठासून सांगितल्यात: टोन नॉब मागे घेतला की बास वाढतो, आतला साधा कपॅसिटर काढून महागडा ऑइल-पेपरचा घातला की आवाजाला ऊब येते, वॉल्यूम नॉब आवाज फक्त लहानमोठा करतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत नॉब खरखरू लागला तर पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी, चुंबकाभोवतीची तारेची कॉइल) गेला समजा, नवा घ्या. हे वाचून लांज्याच्या एका मुलाने पहिल्या पगारातून पिकअप मागवला. म्हणून हे लिहायला बसलो.

बासचं आधी. बॅटरी नसलेल्या गिटारमध्ये टोन नॉब म्हणजे एक पॉट (फिरवून रेझिस्टन्स कमीजास्त करायचा भाग) आणि एक कपॅसिटर, एवढंच. कपॅसिटरमधून ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा, धारदार भाग, सहज पार होतो, खर्ज अडतो. नॉब मागे घ्याल तशी ट्रेबलला ग्राउंडकडे वाट मोकळी होते आणि तो अँपपर्यंत पोहोचत नाही. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर 82 हर्ट्झला वाजते. तिचा तो मूळ सूर होता तेवढाच राहतो. ओहोटी लागली की खडक उंच झाल्यासारखा दिसतो, तसा हा बास. यात एक खरा बारकावा आहे, तो मेसेजवाल्याला माहीत असता तर बरं झालं असतं. नॉब पार शून्यावर नेला की पिकअपची कॉइल आणि कपॅसिटर मिळून एक नवा उंचवटा तयार करतात. अडीच हेन्रीची कॉइल आणि 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरला तर तो साधारण 680 हर्ट्झला येतो. शून्यावरचा तो गोल, नाकातला आवाज इथून येतो. तो आवाजाच्या मधल्या भागातला फुगवटा आहे, बास नव्हे.

ऑइल-पेपरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पैसे वाया. गिटारमधला व्होल्टेज इतका थोडा असतो की कपॅसिटर कशाचा बनलाय याने कानाला फरक पडत नाही. फरक पडतो तो मायक्रोफॅरडच्या आकड्याचा, म्हणजे 0.022 आहे की 0.047 याचा. मग बदलल्यावर लोकांना आवाज वेगळा का वाटतो? साध्या सिरॅमिक कपॅसिटरवर छापलेला आकडा 20 टक्के इकडेतिकडे असू शकतो. जुना आणि नवा दोन्ही मीटरवर मोजा, बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं. शिवाय नॉब दहावर असला की कपॅसिटरच्या वाटेत पॉटचा अख्खा 250 किंवा 500 किलोओहम आडवा असतो, त्यामुळे त्याचा प्रभाव जेमतेम उरतो. जे टोन कायम दहावर ठेवून वाजवतात, त्यांनी त्याच्यावर हजारो रुपये का घालावेत?

वॉल्यूमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मेसेज पोरांचा कान बिघडवतो. वॉल्यूम थोडा खाली घेतला की आवाज लहान होतो, तसाच बोथटही होतो. दोष केबलचा. केबल स्वतःच एक लांबट कपॅसिटर असते, मीटरला साधारण 100 पिकोफॅरड. पॉट अर्ध्यावर आणला की त्याचा रेझिस्टन्स मध्ये येतो आणि केबल ट्रेबल गिळू लागते. 500 किलोओहमचा पॉट आणि पाच मीटर केबल असेल तर अडीच हजार हर्ट्झच्या आसपासच गळती सुरू होते. 250 किलोओहमच्या पॉटला ती पाच हजारांपर्यंत लांबते. मंडपात स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मीटरची केबल ओढता, तेव्हा गळती याच्या निम्म्या आकड्यापासूनच सुरू होते. गायक सुरू झाला की वॉल्यूम सातवर आणायचा, सोलोला दहावर. आवाजाचा रंगही बदलतो, अँपला हात न लावता. हे कळलेला वादक केबल आखूड घेतो, किंवा पॉटवर छोटा कपॅसिटर जोडून ट्रेबल राखतो.

आता खरखर. खारी, दमट हवा धातूला खाते हे आपल्याकडे सायकलच्या चेनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण नॉब फिरवताना खरखर होत असेल तर ती पॉटच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर साचलेल्या घाणीची. नॉब न फिरवता, केबल हलवली की आवाज तुटत असेल तर जॅक बघा. पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, नॉब वीस-तीसदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पिकअप खरंच गेलाय का हे मल्टिमीटर सांगतो: सिंगल कॉइल साधारण 6 ते 8 किलोओहम दाखवते. केसाहून बारीक तार गंजून तुटली असेल तर मीटर काहीच दाखवणार नाही. तेव्हा मात्र पिकअप बदलावाच लागेल किंवा कॉइल पुन्हा गुंडाळून घ्यावी लागेल.

लांज्याच्या मुलाचा पिकअप मोजला, 6.8 किलोओहम आला. पॉट धुतला, जॅकला सोल्डरचा नवा डाग दिला, खरखर थांबली. मागवलेला पिकअप त्याने परत पाठवलाय.