स्टेनलेस स्टील, चुंबक आणि खारं वारं

कोकणात घर बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो आहे: ‘गेट-रेलिंगला स्टेनलेसच घ्या, ते गंजत नाही. लोहचुंबक चिकटला नाही की माल अस्सल समजा. एकदा बसवलं की रंग नको, देखभाल नको.’ यावर विसंबून लोक कष्टाचे पैसे घालतात, म्हणून हे लिहितो आहे.

‘ते गंजत नाही.’ समुद्राजवळ गंजतं. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याचा ऑक्साइड काही नॅनोमीटरच्या पापुद्र्यासारखा पृष्ठभागावर धरतो आणि ओरखडा पडला तरी आपोआप भरून येतो. पण खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड हा पापुद्रा एखाद्या ठिकाणी फोडतं आणि तिथे बारीक खड्डा पडतो. खड्ड्याच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, आम्ल साठतं, आणखी क्लोराइड आत ओढलं जातं. मग पापुद्रा परत धरत नाही. बाजारात सर्रास मिळणारं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस (सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) इथेच हरतं. ३१६ या ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते बरंच जास्त तग धरतं. अगदी लाटांच्या तोंडावर घर असेल तर त्यावरही तांबूस डाग येतात.

चुंबकाची गोष्ट मला सगळ्यात घातक वाटते. २०० मालिकेतल्या स्वस्त मालात निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. त्यालाही चुंबक चिकटत नाही, आणि गंजाच्या बाबतीत तो ३०४ पेक्षा कमजोर असतो. उलट २२०५ हे डुप्लेक्स (दोन प्रकारच्या स्फटिकरचना एकत्र असलेलं) स्टील चुंबकाला घट्ट धरतं, आणि खाऱ्या हवेत ते ३१६ पेक्षा कितीतरी सरस आहे. अस्सल ३०४ चा पाइप वाकवला तर वाकावर थोडा चुंबक लागतो. म्हणजे या परीक्षेत खोटा पास होतो आणि खरा नापास. ग्रेड बिलावर लिहून घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागा. मॉलिब्डेनम आहे की नाही हे सांगणारं थेंबांचं किटही मिळतं.

‘देखभाल नको.’ पावसाळ्यात उघड्यावरचं रेलिंग आपोआप धुतलं जातं. पडवीत, वळचणीखाली मीठ वर्षभर साचत राहतं, म्हणून डाग तिथेच आधी दिसतात. दिवाळीपासून मिरगापर्यंत अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा. फरशीचं ॲसिड मात्र चुकूनही लावू नका, ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे त्यातही क्लोराइडच.

आणि त्या सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नाही ते वेल्डिंग. जोडाजवळचा निळा-तपकिरी पट्टा शोभेचा नाही, त्याच्याखालचं क्रोमियम घटलेलं असतं. तो पिकलिंग पेस्टने (स्टेनलेससाठीच्या आम्लाच्या लेपाने) काढून पाण्याने धुवायला हवा. साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची डिस्क स्टेनलेसवर फिरवली तर लोखंडाचे कण त्यात रुततात. त्यावर महिन्याभरात ठिपके उठले तर दोष पत्र्याचा नसतो.