पंचवटीकरांना उत्तर: चार अ‍ॅप का नकोत

पंचवटीकर, तुम्ही याच नावाने लिहिलंत, म्हणून मीही तेच वापरतो.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नाशकातल्या एकट्या मुलाने एका वेळी एकच डेटिंग अ‍ॅप ठेवावं, शक्यतो बंबल किंवा हिंज. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे सगळं पुण्या-मुंबईचं ज्ञान आहे. बंबलवर मुलाला आधी बोलताच येत नाही, इथे मुली मुळातच कमी, तेव्हा एकदम चार अ‍ॅप टाकावीत आणि टिंडरचं गोल्ड, म्हणजे पैसे भरून मिळणारी वर्गणी, घ्यावं. शिवाय 'लेखकाला बंबलने पैसे दिलेले दिसतात' हा टोमणाही आहेच. दिले असते तर पहिल्या ओळीतच सांगितलं असतं. नाही दिले.

बाकीचं मात्र बोलण्यासारखं आहे.

मुली कमी, हे तुमचं अगदी खरं. पण म्हणून चार अ‍ॅप? टिंडर उघडा आणि अंतर 25 किलोमीटरवर ठेवा. इकडे देवळाली, तिकडे ओझर, मधलं सिडको-सातपूर सगळं त्यात आलं. थोड्याच वेळात कार्डं, म्हणजे एकामागून एक दिसणारी प्रोफाइलं, संपतात. मग आपण अंतर शेवटपर्यंत ताणतो आणि कल्याण-ठाण्याच्या मुली दिसायला लागतात. त्यातली कुणी बुधवारी ऑफिस सुटल्यावर कॉलेज रोडला कॉफीला येणार आहे का? शनिवार-रविवारी तर वेगळीच जत्रा. वायनरी बघायला आलेली मुंबईची मंडळी आठ-दहा किलोमीटरवर दिसतात, आपण हुरळतो, आणि सोमवारी तीच मंडळी सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. हे पुण्या-मुंबईच्या मुलाला कळणारही नाही. हा खास आपला ताप आहे.

आणि चार अ‍ॅपवर चार वेगळ्या गावच्या मुली नसतात. इंदिरानगरची जी बंबलवर दिसली, तीच हिंजवर दिसते. फरक इतकाच की तिलाही तुम्ही चार ठिकाणी दिसता, तेच जिमच्या आरशातले फोटो घेऊन.

गोल्डचंही तेच. तुम्हाला कुणी लाइक केलंय ते दिसतं आणि लाइकवरची मर्यादा जाते. पण आपल्याकडे लाइक कुठे कमी पडतात, माणसंच कमी पडतात. पैसे भरून त्रिज्येत माणसं वाढत नाहीत.

आता बंबल. 2014 साली ते आलं तेव्हापासून नियम असा की दोघांनी एकमेकांना लाइक करून जुळल्यावर मुलीने 24 तासांत पहिला मेसेज करायचा, नाहीतर जुळणी रद्द. 2024 मध्ये त्यात सवलत आली: मुलगी आधीच एक प्रश्न लावून ठेवू शकते आणि मुलगा थेट त्याचं उत्तर देऊ शकतो. म्हणजे 'बोलताच येत नाही' ही तक्रार आता अर्धीच उरली. पण नियम जुनाच राहिला असता तरी मी बंबलच सुचवलं असतं. आपल्या गावात मुलीला भीती असते ती 'हाय डिअर'च्या ढिगाची आणि ओळखीच्या कुणी बघण्याची. पहिला मेसेज तिच्या हातात असला की त्यातली एक भीती तरी कमी होते आणि ती अ‍ॅप काढून टाकत नाही. ती तिथे टिकली, तरच तुमचा प्रश्न येतो.

हिंजवर फुकटात दिवसाला मोजकेच, साधारण 8 लाइक मिळतात. नाशकात तेवढे रग्गड. तिथे फोटोच्या किंवा उत्तराच्या एका जागेवर बोट ठेवून लिहिता येतं, म्हणून तिथे प्रोफाइल भरीव हवं. 'आय लव्ह ट्रॅव्हलिंग' यावर कुणी काय बोलणार? 'रविवारी सकाळी पांडवलेणी चढून उतरलो की मिसळ. पापड नसेल तर ती मिसळ नव्हे' असं लिहा. निदान भांडायला तरी कुणी येईल. ('तुम्हाला हीच सगळ्यात जुळेल' असं हिंज सुचवतं, त्या 'मोस्ट कंपॅटिबल'मागे गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांची 1962 ची जोड्या लावण्याची पद्धत आहे, आणि शॅप्लींना 2012 मध्ये नोबेल मिळालं. पण गणित कितीही भारी असलं तरी समोर मूठभर नावं असतील तर ते काय जुळवणार? तिथे आमची मामी बरी.)

त्यापेक्षा वधू-वर मेळावा बरा, असंही तुम्ही लिहिलंत. वर्षभरात लग्न करायचं ठरलंच असेल तर खुशाल जा, त्याला माझा विरोध नाही. पण तिथे तुमच्याआधी पत्रिका, पगार आणि फ्लॅट भेटतो.

'बहिणीच्या मैत्रिणी बघतील' ही तुमची धास्ती रास्त आहे. टिंडरमध्ये कॉन्टॅक्ट ब्लॉक करायची सोय आहे. निवडलेल्या नंबरांना तुम्ही दिसत नाही आणि ते तुम्हाला दिसत नाहीत. अर्थात त्यांनी त्याच नंबरने खातं उघडलेलं असलं तरच.

आणि गोल्ड घेऊन झालंच असेल, तर रागारागात नुसतं अ‍ॅप उडवू नका. त्याने वर्गणी थांबत नाही, पैसे कापले जातच राहतात. अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअरमध्ये पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन आधी ती रद्द करा, मग अ‍ॅप काढा.