चांपो!

आमच्या आळीतल्या नानांनी वयोमानाप्रमाणे केशकर्तनालय बंद केलं आणि संकट आलं माझ्या मानेवर. नव्या काचवाल्या सलूनमध्ये केस कापण्याआधी धुवावे लागतात आणि धुताना बेसिनच्या खोबणीत मान अडकवून छताकडे बघत पडायचं असतं. बोकडाला निदान खाली तरी बघायला मिळतं.

"सर, गर्दन पीछे करो. आँख बंद करो. हिलो मत." तोंडी लावायला 'सर', बाकी सगळा हुकूम. मी हललो नाही. हललं ते पाणी, थेट डाव्या कानात.

"शाम्पू कौनसा लगाऊँ?"

बाबा रे, शाम्पू म्हणजे फेस नव्हेच, असं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मूळ हिंदी 'चाँपो', म्हणजे दाबा, चेपा! पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदने १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीची खानावळ काढली, ती बुडाली. मग गडी ब्रायटनला गेला आणि वाफारा देऊन गोऱ्यांची अंगं चेपू लागला. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो 'शाम्पूइंग सर्जन' झाला. केस धुण्याचा अर्थ नंतर तिकडेच चिकटला. आपण पाठवलं चेपणं, परत आला फेस.

डोळे मिटून पडल्यावर मला नको तिथे व्याकरण आठवतं. साहेबाने आपल्याकडून बंगला नेला, पायजमा नेला, चिठ्ठीची 'चिट' केली, ते असो. पण क्रियापदं नेली ती आज्ञार्थी! साहेबाच्या इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश १८८६ साली पहिल्यांदा निघाला, त्यात ती सापडतात. पकडाओ, फुसलाओ, धमकाओ, बनाओ. साहेबाने ती जशीच्या तशी उचलून इंग्रजीत चालवली. बिचाऱ्याचा तरी काय दोष? नोकरांशी बोलताना आज्ञेखेरीज दुसरं रूप त्याच्या तोंडी कधी यायचं? 'मी चेपतो' म्हणायची वेळ त्याच्यावर आलीच नसणार. त्यातलं 'घबराओ' तर माझं विशेष लाडकं. हिंदीत घाबरायचं ते बहुधा आपलं आपण. साहेबाच्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ झाला समोरच्याला घाबरवणं.

"सर, डैंड्रफ बहुत है," वरून आवाज आला. झालं, घबराओ!

"स्पा नहीं करोगे तो सब झड़ जाएगा." धमकाओ.

"वैसे आपके बाल बहुत सिल्की हैं." सिल्की? मागच्या अंगाला उरलेत त्या चार केसांबद्दल चाललं होतं हे. फुसलाओ! आणि बनाओ म्हणजे काय, ते काउंटरवर कळणारच होतं.

मी डोळे मिटूनच स्पाला नाही म्हटलं. पण नानांची फार आठवण झाली. ते दाढीनंतर न सांगता डोक्यावर दोन थापा मारायचे, कानशिलं दाबायचे आणि त्याचे पैसे कधी मागत नसत. म्हणून धीर करून म्हणालो, "भैया, जरा सिर चाँपो ना."

त्याचे हात थांबले.

"सर, वो शाम्पू में नहीं आता. चंपी का अलग चार्ज है."