‘रम्झ’ म्हणजे केवळ स्विफ्ट कोड नव्हे

माझ्या धाकट्या काकूंनी गेल्या आठवड्यात एक फिरता संदेश शारजात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाला पाठवला आणि ‘हे खरं आहे का गं?’ म्हणून मलाही पाठवला. संदेश म्हणतो, ‘कोड’ हा शब्द मूळचा अरबी. बँक, कायदा आणि संगणक या तिन्हींतल्या कोडला अरबीत ‘रम्झ’ हा एकच शब्द. म्हणून आखातात कोणी फोनवर ‘रम्झ’ विचारला तर तो स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेचा ओळख-कोड, समजून निर्धास्तपणे सांगावा, असे त्यात लिहिले आहे. अरबी कागदपत्रांची भाषांतरे करण्यात माझे दिवस जातात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

शेवटच्या सल्ल्याने कोणाचे तरी खाते रिकामे होईल, म्हणून आधी त्याविषयी. स्विफ्ट कोडला ‘रम्झ’ म्हणतात, हे खरे. तो अक्षरे-आकडे मिळून ८ किंवा ११ चिन्हांचा असतो, बँकेची ओळख सांगतो आणि उघडच असतो. पण मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीलाही अरबीत ‘रम्झ अत्-तहक्कुक’, म्हणजे पडताळणीचा कोड, म्हणतात. चुलतभावाने आपल्या फोनवरच्या संदेशाचे छायाचित्र मला पाठवले: वर इंग्रजी, खाली अरबी, आणि सहा आकड्यांच्या शेजारी हाच ‘रम्झ’. तो सांगितला की पैसे गेले.

तिन्हींना एकच शब्द, हेही चूक. एटीएमच्या पिनला बँका सर्रास ‘अर्-रकम अस्-सिर्री’, म्हणजे गुप्त क्रमांक, म्हणतात. कायदेपंडित अस्-सन्हूरी यांनी रचलेल्या इजिप्तच्या १९४८ च्या दिवाणी संहितेचे नाव ‘अल्-कानून अल्-मदनी’ आहे, तर मोरोक्कोची २००४ ची कुटुंबसंहिता ‘मुदव्वना’ म्हणून ओळखली जाते. यांपैकी कुठेही ‘रम्झ’ नाही. आपल्याकडे तरी न्याय संहितेला न्यायाचा सांकेतिक क्रमांक कोण म्हणेल? संगणकाच्या आज्ञावलीला ‘शीफ्रा’ किंवा सरळ ‘कूद’ म्हणतात.

‘कोड’ अरबी नाही; तो लॅटिन ‘कोडेक्स’वरून आला. कोडेक्स म्हणजे आधी झाडाचे खोड, मग लाकडी पाट्यांची वही, पुढे कायद्यांचा ग्रंथ. अर्धे सत्य मात्र मान्य करावे लागते: ‘सायफर’ (गुप्तलिपी) हा शब्द अरबी ‘सिफ्र’वरून आला, आणि तो ‘सिफ्र’ आपल्या ‘शून्या’चा अरबी अनुवाद. तोच शब्द फ्रेंचमधून फिरून ‘शीफ्रा’ होऊन अरबीत परतला. पण नवव्या शतकात अरब विद्वान अल्-किंदीने गुप्तलिपी उलगडण्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचा शब्द ‘मुअम्मा’ (कूट) होता, ‘सिफ्र’ नव्हे.

काकूंच्या मुलाला मी एवढेच कळवले आहे: फोनवर कोणी ‘रम्झ’ म्हणाले की ‘कुठला रम्झ?’ असे विचार, आणि आकडे तुझ्या मोबाइलवर आलेले असतील तर फोन ठेव. काकूंनी तो संदेश ज्यांना ज्यांना पाठवला, त्यांनाही हेच कळवावे.