मे महिन्यात घर बघू नका

आमची चूक तिथेच झाली. बँकेतून माझ्या नाशिकला बदलीची ऑर्डर आली तेव्हा चेन्नईत अंगाची काहिली होत होती. दोन दिवसांची रजा टाकून मी आणि नवरा नाशिकला घर बघायला आलो. पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पाऊल टाकलं तर माठाला हात लावल्यासारखा गारवा. पंखासुद्धा बंद होता. एजंट म्हणाला, "मॅडम, पूर्वेचं दार, वास्तू एकदम ओके." मी फरशीवर मांडी घालून बसलेच. म्हटलं, ठरलं.

जूनमध्ये सामान ट्रकने आलं, आम्ही शिर्डीच्या गाडीने. सासूबाईंच्या मांडीवर अख्खा प्रवासभर कढीपत्त्याची कुंडी होती.

माझं माहेर रत्नागिरी, सासर अलिबाग, आणि संसाराची अठरा वर्षं चेन्नईत. म्हणजे समुद्र सोडून आम्ही कधी राहिलोच नाही. चेन्नईत डिसेंबरात पारा विशीवर आला की आमचा वॉचमन कानटोपी घालायचा आणि आम्ही त्याला हसायचो. ते हसणं नाशिकने व्याजासकट वसूल केलं.

दिवाळी संपली आणि एका सकाळी खोबरेल तेल बाटलीतून बाहेरच येईना. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं, हे मला माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. मग दही लागेना. मग इडलीचं पीठ. चेन्नईत रात्री वाटून ठेवलं की पहाटे पातेल्याबाहेर सांडलेलं असायचं, इथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ढिम्म. आईंनी (सासूबाईंनी) शेवटी पातेल्याला माझी शाल गुंडाळली आणि ते गव्हाच्या पिंपात ठेवलं. मी बँकेत कुडकुडत, शाल पिठाला! आणि अंघोळीचं काय सांगू. गच्चीवर सोलर आहे, पण गरम पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरायच्या आधी दोन बादल्या गार पाणी सोडावं लागतं. त्या दोन बादल्यांत मी फरशी पुसायला शिकले, म्हणजे आणखी गार फरशी.

पण खरा धक्का थंडीचा नव्हता. एका रविवारी अकरा वाजता मी स्वेटर, मोजे, स्कार्फ अशा थाटात भाजी आणायला खाली उतरले, तर पार्किंगमध्ये बायका साध्या सुती गाउनवर गप्पा मारत उभ्या. बाहेर छान ऊब होती. समोरच्या काकू म्हणाल्या, "ताई, बरं नाही का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नाशिकमध्ये थंडी बाहेर नाही, माझ्या घरात आहे.

मग मी हात धुऊन या विषयाच्या मागे लागले. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, आणि सह्याद्रीच्या पूर्वेच्या अंगाला. हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा जमीन तापते, रात्री पांघरायला ढग नसल्यामुळे सगळी ऊब वर निघून जाते. किनाऱ्यावर समुद्र रात्रभर शेगडीसारखा शेजारी असतो. इथे डिसेंबर-जानेवारीत दुपारी अठ्ठावीस आणि पहाटे दहा असा खेळ सर्रास चालतो. अशा गावात घराने एकच काम करायचं असतं, दिवसाचं ऊन साठवून रात्री परत द्यायचं. आमचं घर ते करत नाही, कारण त्याला ऊन मिळतच नाही. दार पूर्वेचं खरं, पण ते उघडतं लिफ्टसमोर. खिडक्या आणि गॅलरी सगळ्या उत्तरेला.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी नाशिकमध्ये भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून थेट खोलीच्या मध्यापर्यंत ऊन येतं. मे महिन्यात तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर, त्यामुळे वर छोटासा छज्जा असला तरी त्याच खिडकीत ऊन फारसं शिरत नाही. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात सावली. इतकी शहाणी दिशा दुसरी नाही! आणि नेमकी हीच आपण यमाच्या नावाने ओवाळून टाकली. दक्षिणेचं दार म्हटलं की गिऱ्हाईक पायरी चढत नाही, भाव पडतो. आमच्या त्या मे महिन्याच्या गारव्याचं रहस्यही हेच होतं. ज्या घरात सूर्य येत नाही, ते घर उन्हाळ्यात देखणंच दिसणार.

वास्तू मानणाऱ्यांशी मला भांडायचं नाही. आमच्या आईही मानतात. पण दार कुठे आहे हे विचारणारे शंभर भेटले, हॉलमध्ये जानेवारीत ऊन किती वाजता येतं हे विचारणारा एकही नाही. ब्रोशरमध्ये जिम असते, क्लब हाऊस असतं, सूर्य नसतो.

आणि ते "गुलाबी थंडी" हे दोन शब्द कृपा करून मला फॉरवर्ड करू नका. मी ज्या शाखेत आहे तिथे निम्मे खातेदार द्राक्षवाले. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा पारा दोन अंशांखाली गेला होता, ती आठवण ते अजून काल घडल्यासारखी सांगतात. पारा उतरला की मण्यांची फुगवण थांबते, तयार मणी तडकतात, हिरव्या जाती गुलाबी पडायला लागतात आणि निर्यातीचा माल घरचा होतो. इथे गुलाबी म्हणजे नुकसान! म्हणून पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं. घडाघडाला जुना पेपर गुंडाळतात. एक खातेदार काका कर्जाच्या फाइलवर सही करता करता म्हणाले, "मॅडम, घड पेपरात झोपतो, मी बांधावर." त्या दिवशी घरी जाऊन मी थंडीबद्दल कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी केली.

आईंनी मात्र माझ्याआधी मार्ग काढला. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून एक मरून स्वेटर आणि कानटोपी घेतली, आणि रोज दहा ते एक पार्किंगमधल्या उन्हात खुर्ची टाकून बसायला लागल्या. पंधरा दिवसांत त्यांना बिल्डिंगमधल्या सगळ्यांची गुडघेदुखी पाठ झाली. डिंकाचे लाडू त्यांनी तिथेच शिकून घेतले, आणि बदल्यात सांबार मसाला वाटला. चेन्नईत अठरा वर्षांत त्यांना भाषेमुळे एवढ्या मैत्रिणी मिळाल्या नव्हत्या. माझ्या तक्रारीतली निम्मी हवा तिथेच गेली.

उरलेली निम्मी घेऊन मी जानेवारीत पुन्हा घर शोधायला लागले. एजंट तोच. पंडित कॉलनीत एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला रिकामा होता. जिना, दार, हॉलच्या तिन्ही खिडक्या दक्षिणेला. भाडं आमच्यापेक्षा दोन हजारांनी कमी. तो आधीच ओशाळून म्हणाला, "मॅडम, दक्षिण आहे, म्हणून कुणी घेत नाहीये. नंतर मला बोलू नका."

मी रविवारी सकाळी साडेअकराला गेले. पर्समध्ये थिजलेल्या खोबरेलाची बाटली होती. ती मधल्या खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवली आणि मालकीणबाईंशी नळाच्या पाण्याच्या वेळांवर बोलत बसले. एजंट एकदा बाटलीकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. पाऊण तासाने मी उठून बाटली आडवी केली. तेल वाहिलं.

टोकन देताना तो म्हणाला, "मॅडम, बाटली विसरताय." मी म्हटलं, "राहू द्या. एक तारखेला येतोच आहोत."