इंजिनाला त्रास होतो

आमच्या घरात इंजिन हे घरातलंच एक माणूस आहे, तेही नाजूक प्रकृतीचं. बाबांचा नियम असा, की काटा २००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या, वर न्यायचा नाही, त्याला त्रास होतो. चाळीसला चौथा, पन्नासला पाचवा. चढावर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकते, डॅशबोर्डवरचा गणपती थरथरतो, पण गिअर खाली टाकायचा नाही. टाकला की आवाज वाढतो आणि बाबांना त्यात कण्हणं ऐकू येतं.

"अहो बाबा, हे म्हणजे पाठीवर पोतं देऊन जिना चढायला लावण्यासारखं आहे."

"मग सावकाश चढायचं."

अशा लाडात वाढलेली आमची डिझेल गाडी. रोजचा प्रवास कोथरूड ते मंडई, भाजीपुरता. एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

मेकॅनिकने विचारलं, "चालवतं कोण?"

"मी," बाबा छाती काढून म्हणाले, "पन्नासच्या वर कधी नेली नाही."

"तेच झालंय काका."

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमातल्या, डिझेल गाड्यांना धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. ती काजळी अडवते, आणि ती काजळी जळायला साधारण ६०० अंशांची धग लागते. मंडईपर्यंत एवढी धग फक्त रिक्षावाल्यांशी बोलताना निर्माण होते. "एक्स्प्रेसवेला न्या आणि वीस मिनिटं ताणा," मेकॅनिक म्हणाला. मधुमेह्याला डॉक्टरांनी रोज पाव किलो श्रीखंड लिहून द्यावं, तसा बाबांचा चेहरा झाला.

"मात्र गार इंजिन पिदडू नका. ऑइल गरम होऊ द्या, मग खुशाल."

यातलं पहिलंच वाक्य बाबांनी ऐकलं. किवळे येईपर्यंत ते तेच म्हणत होते.

एक्स्प्रेसवेला लागल्यावर मी चौथ्या गिअरात काटा अडीच हजारांवर धरला. बाबांनी वरची कडी धरली, डोळे मिटले. ओठ हलत होते. उर्से नाका गेला. कामशेतच्या बोगद्यात तो पिवळा दिवा विझला. मी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "बल्ब गेला असेल."

लोणावळ्याला चहाला थांबलो. मी किल्लीला हात घातला तर केवढ्याने तरी ओरडले, "लगेच बंद नको करूस! दम खाऊ दे त्याला." इथे मात्र ते बरोबर होते, इतकं पळवल्यावर टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला, मिनिटभर निवायला द्यावंच. मी मुकाट्याने थांबलो.

तेवढ्यात बाबा खाली उतरले, बॉनेटवर हळूच तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"बघ," म्हणाले, "ताप आलाय."